वाटाण्याच्या कुंडीपासून

(पुण्यातील एका महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी स्वतःच्या बळावर उभ्या केलेल्या प्रायोगिक लघुपट महोत्सवाच्या समारोपप्रसंगी एका ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



समारोपाच्या भाषणाला एक ठरलेला साचा असतो. संयोजकांचे कौतुक करावे, तरुणाईकडून अपेक्षा व्यक्त कराव्यात आणि चहा थंड होण्यापूर्वी खाली बसावे. मीही तसेच टिपण करून आणले होते. परंतु काल दुपारच्या सत्रात जो प्रसंग घडला, त्यानंतर ते टिपण मी घरीच ठेवले. आपल्यापैकी अनेकजण त्या वेळी उपस्थित होते; जे नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

काल एका विद्यार्थिनीचा नऊ मिनिटांचा लघुपट दाखवला गेला. त्यात एक वृद्ध स्त्री कापसाच्या वाती वळते आहे. तिचा चेहरा दिसत नाही, दिसतात ते फक्त हात. शब्द नाही, संगीत नाही. खिडकीतून येणारे ऊन हळूहळू सरकत जाते, हातांवरून उतरते आणि वातींचा ढीग सावलीत जातो. एवढेच. शेवटी समई पेटेल असे आपल्याला वाटत राहते, पण ती पेटत नाही. लघुपट संपल्यावर प्रश्नोत्तरे झाली. पुढच्या रांगेतील एक सद्गृहस्थ उठले. या महोत्सवाला त्यांनी सढळ हाताने साहाय्य केले आहे. ते आजही समोर बसले आहेत आणि त्यांचे नाव मी घेणार नाही. त्यांनी शांतपणे विचारले, "बाळ, छान आहे. पण यातून बोध काय घ्यायचा?" त्या मुलीला उत्तर देता आले नाही. ती ध्वनिक्षेपक हातात घेऊन उभी राहिली आणि मग खाली बसली. सायंकाळी मला कळले की पुढील वर्षी साहाय्य हवे असेल तर संदेश देणारेच लघुपट दाखवावेत, अशी सूचना संयोजक मुलांपर्यंत पोहोचली आहे. मुले रात्री उशिरापर्यंत यावर बोलत बसली होती. महोत्सव करायचा की नाही, इथपर्यंत त्यांची मजल गेली.

काका, आपला प्रश्न प्रामाणिक आहे, हे मी प्रथमच नमूद करतो. जो माणूस तीन दिवस बसतो, झोपत नाही आणि न समजलेल्या गोष्टीविषयी उठून विचारतो, तो या महोत्सवाचा सर्वांत चांगला प्रेक्षक होय. तेव्हा त्या मुलीला जे उत्तर सुचले नाही, ते देण्याचा माझ्या कुवतीप्रमाणे प्रयत्न करतो. मी चित्रपटाचा अभ्यासक नाही. कलाशाखेचा पदवीधर, पत्रकारितेत केस पांढरे झालेला एक प्रेक्षक, एवढीच माझी पात्रता.

आपण दादासाहेब फाळक्यांपासून आरंभ करू. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली पडद्यावर आला, हे शाळेतले पोरही सांगते. पण त्याआधी दादासाहेबांनी काय केले? चित्रपटाच्या वेडापायी रात्रंदिवस प्रयोग करताना डोळ्यांवर इतका ताण आला की दृष्टी जाण्याची वेळ आली. त्यातून बरे झाल्यावर १९१२ साली ते कर्ज काढून इंग्लंडला गेले, कॅमेरा घेऊन परतले. कॅमेरा आला, पण चित्रपट काढायला पैसे कुठे होते? धनिकांना पटवायचे कसे? तेव्हा त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा त्याच्यासमोर पक्का बसवला. ठरावीक अंतराने थोडे थोडे चित्रण करीत राहिले. कित्येक दिवसांचे ते चित्रण पडद्यावर दाखवले, तेव्हा लोकांनी पाहिले की माती दुभंगते आहे, कोंब बाहेर येतो आहे, वेल डोलत वर चढते आहे, आणि हे सारे एका-दोन मिनिटांत! 'अंकुराची वाढ' या नावाने तो लघुपट ओळखला जातो.

त्यात कथा नव्हती, नट नव्हते, संवाद तर मूकपटाच्या काळात नव्हतेच. बोधही नव्हता. वाटाणा उगवतो, हे सांगायला शेतकऱ्याच्या देशात कुणाची गरज होती? परंतु वाटाणा उगवताना कुणी *पाहिला* नव्हता. मानवी डोळ्यांच्या आवाक्यात न येणारी गती त्या यंत्राने दाखवली. पाहणाऱ्यांनी तोंडात बोट घातले आणि 'राजा हरिश्चंद्र'चा मार्ग मोकळा झाला. सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, हे आपण जाणतोच. काका, आपल्या चित्रपटसृष्टीला पहिले अर्थसाहाय्य मिळवून देणारा लघुपट हा प्रायोगिक लघुपट होता. तेव्हा ज्या धनिकाने पैसे दिले त्याने 'यातून बोध काय' असे विचारले असते, तर काय झाले असते याचा विचार आज रात्री घरी जाताना करावा.

या करामतीचे गणित फार अवघड नाही. आजच्या पडद्यावर एका सेकंदात चोवीस चित्रे सरकतात. दर दहा मिनिटांनी एक चित्र घेतले, तर एका दिवस-रात्रीत १४४ चित्रे होतात. म्हणजे पडद्यावर अवघी सहा सेकंदे. मूकपटाचा वेग याहून कमी असे, तरी हिशेब याच जातीचा. सहा सेकंदांसाठी चोवीस तास जागे राहायचे, प्रकाश बदलू द्यायचा नाही, कुंडीला कुणाचा धक्का लागू द्यायचा नाही. घरात मुलेबाळे वावरत असताना हे साधणे काय असते, ते घर चालवणाऱ्या भगिनींनी मला सांगावे! पुढे दादासाहेबांनी आगकाड्या एकेक सरकवून त्यांची हालती चित्रे केली, तेही याच जिज्ञासेपोटी. प्रयोग हा शब्द आपण नाटकासाठीही वापरतो आणि प्रयोगशाळेसाठीही. दादासाहेबांच्या ठायी हे दोन्ही अर्थ एकत्र नांदत होते.

तेव्हा प्रायोगिक लघुपट हे पश्चिमेकडून आलेले फॅड आहे, असे जेव्हा आपल्या घराघरांतून बोलले जाते, तेव्हा मला त्या वाटाण्याची आठवण होते. यंत्र विलायतेचे होते, यात शंका नाही. जिज्ञासा इथलीच होती.

आता सरकारी खात्याकडे वळू. 'सरकारी' म्हटले की आपल्यासमोर धुळीने भरलेल्या फायली येतात. १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनची वृत्तचित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. खरे सांगायचे तर ती चुकवण्यासाठी चित्रपटगृहाबाहेर शेंगा खात उभे राहिलो आहोत. मुख्य चित्रपटाआधी ती दाखवणे बंधनकारक असे. धरणे, पूर, मंत्र्यांची उद्घाटने. पण त्याच खात्यात, मुंबईच्या पेडर रोडवरील त्याच इमारतीत, साठच्या दशकाच्या उत्तरार्धात काही विलक्षण माणसे काम करीत होती. जाँ भावनगरी नावाचे सल्लागार त्यांना लाभले आणि त्यांनी या माणसांना मोकळीक दिली. अधिकाराच्या जागेवर बसलेल्या एका माणसाने दोन-तीन वर्षे मोकळीक दिली, तर किती काम होते याचे हे उदाहरण आहे.

त्यांपैकी एक प्रमोद पती. ओडिशाचा हा तरुण बाहुल्यांच्या चलच्चित्राचे शिक्षण घेण्यासाठी प्रागला गेला होता. परत आल्यावर त्याने १९६८ साली 'एक्स्प्लोरर' नावाचा सुमारे सात मिनिटांचा लघुपट केला. त्यात निवेदक नाही. नाचणारी तरुणाई, ध्यानस्थ चेहरे, देवमूर्ती, प्रयोगशाळेतील उपकरणे, सारे इतक्या वेगाने एकमेकांवर आदळते की पहिल्यांदा पाहताना डोके गरगरते. माझेही गरगरले. दुसऱ्यांदा पाहताना लक्षात आले की ही आपल्याच घरातील गरगर आहे. देवघर आणि प्रयोगशाळा एकाच छताखाली नांदवू पाहणाऱ्या पिढीची. १९७२ साली त्याने 'आबिद' केला. 'धर्मयुग'मधील 'ढब्बूजी' आठवतो ना? त्याचे जनक आबिद सुरती. त्यांना एका खोलीत ठेवून, जिवंत माणसालाच बाहुलीप्रमाणे थोडे थोडे हलवत एकेक चित्र घेतले आहे. भिंती रंगतात, माणूस न चालता सरकतो. कॅनडाच्या नॉर्मन मॅकलॅरेनने १९५२ मध्ये 'नेबर्स' या लघुपटात हेच तंत्र वापरले होते. पतीने ते उचलले, पण त्यातून उभी केली ती मुंबईच्या एका चित्रकाराची खोली आणि त्याच्या डोक्यातील गोंधळ.

आणि काका, येथे आपल्या प्रश्नाचे एक उत्तर दडलेले आहे. याच प्रमोद पतीकडे कुटुंबनियोजनाच्या प्रचाराचे काम होते. त्याहून ठोक संदेश कोणता असणार? त्याने 'क्लॅक्सप्लोजन' आणि 'सिक्स, फाइव्ह, फोर, थ्री, टू' असे लघुपट त्यासाठी केले, आणि त्यातही प्रयोगच केले. म्हणजे संदेश आणि प्रयोग यांचे वैर नाही. परंतु ज्या हाताने 'एक्स्प्लोरर' केला नसेल, त्या हाताला संदेशही नीट सांगता येत नाही. केवळ संदेश सांगणाऱ्या लघुपटांचा महोत्सव भरवला, तर तुम्हाला भाषणे मिळतील. आणि भाषणांची आपल्याकडे कमतरता नाही, हे या क्षणी माझ्याइतके कोण जाणेल!

ज्यांना हे सारे अपरिचित वाटत असेल त्यांनी आपले बालपण आठवावे. चिमण्यांचा थवा जाळ्यासकट उडून जातो आणि उंदीर जाळे कुरतडतात, ते छोटे चलच्चित्र दूरदर्शनवर न पाहिलेला माणूस आमच्या पिढीत सापडणे कठीण. 'एक अनेक और एकता' हे त्याचे नाव. १९७४ साली फिल्म्स डिव्हिजननेच ते निर्माण केले. दिग्दर्शिका विजया मुळे, आपल्या मराठी विदुषी, आणि चित्रांकन भीमसेन यांचे. रेषा साध्या, रंग सपाट, वेळ जेमतेम सात मिनिटे. एकतेवर त्या काळात किती परिसंवाद झाले असतील! त्यातला एकही मला आठवत नाही. चिमण्या आठवतात.

आता थोडा अवघड मुद्दा घेतो. अवघड आहे म्हणूनच घेतो. १९६७ साली, स्वातंत्र्याला वीस वर्षे झाली तेव्हा, याच खात्यातील एस. एन. एस. शास्त्री यांनी 'आय अॅम ट्वेंटी' हा लघुपट केला. स्वातंत्र्याबरोबर जन्मलेल्या, म्हणजे वीस वर्षांच्या तरुण-तरुणींना त्यांनी देशभर फिरून बोलते केले. कुणी देश पायी हिंडण्याचे स्वप्न सांगतो, कुणी नोकरीचे, कुणी शेतीचे. आणि त्यात एक तरुण सरळ सांगतो की मला देशाविषयी प्रेम वाटत नाही, आणि वाटले तरी ते सांगायचे कुणाला? सरकारी पैशाने, स्वातंत्र्याच्या निमित्ताने केलेल्या लघुपटात हे वाक्य राहिले. कुणी कापले नाही.

मी पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा मला त्या तरुणाचा राग आला होता. आजही त्याचे म्हणणे मला मान्य नाही. पण त्या लघुपटातील इतर तरुणांच्या देशप्रेमावर माझा विश्वास बसतो तो या एका मुलामुळे. सगळेच एका सुरात बोलले असते तर मी म्हटले असते, घोटून घेतलेले आहे. ज्यांनी आयुष्यभर तरुणांमध्ये काम केले आहे, शाखाशाखांतून, वसतिगृहांतून, वस्त्यांतून मुले घडवली आहेत, असे अनेक कार्यकर्ते येथे बसले आहेत. गप्प बसून माना डोलवणाऱ्या मुलापेक्षा वाद घालणारा मुलगा पुढे कामाचा निघतो, हा त्यांचाच अनुभव आहे. मी तो त्यांच्याकडूनच ऐकला आहे. मग पडद्यावर तोच मुलगा दिसला तर आपण अस्वस्थ का व्हावे?

विद्यार्थी मित्रहो, आता तुमच्याकडे वळतो. आतापर्यंत टाळ्या वाजवल्यात, आता थोडे ऐकून घ्या.

तीन दिवसांत मी पाहिलेल्या लघुपटांपैकी निदान पाचांमध्ये पाऊस पडणारी काच होती. काचेपलीकडे एक उदास मुलगा अथवा मुलगी. पुण्यात पाऊस पडतो, काचाही आहेत, हे मान्य; परंतु ही उदासी तुमची नव्हती, कुठेतरी पाहिलेली होती. न समजणे हा प्रयोगाचा गुण नव्हे, ती कधी कधी अपरिहार्य होणारी किंमत आहे. फाळक्यांचा वाटाणा पाहून कुणालाही 'समजले नाही' असे म्हणावे लागले नसते. एका लघुपटात सात मिनिटे पडदा धूसर होता. दिग्दर्शकाला विचारले तर म्हणाला की स्मृती धूसर असते. बाबा रे, माझी स्मृती या वयात धूसर झाली आहे, तुझी इतक्यात कशी होईल?

दुसरी तक्रार आवाजाची. चित्रासाठी तुम्ही पहाटे चारला उठता आणि आवाज मात्र मोबाइलवर जसा येईल तसा घेता. वातींच्या लघुपटात संगीत नव्हते, पण कापूस तळहातावर घासल्याचा आवाज होता; आठवतो का? तो आवाज स्वतंत्रपणे, रात्री रहदारी थांबल्यावर, पांघरुणाच्या आत बसून ध्वनिमुद्रित केला, असे त्या मुलीनेच मला आज सकाळी सांगितले. काका, तिला काल हे सांगता आले असते तर आपले अर्धे समाधान झाले असते. पण वीस वर्षांच्या मुलीला सभेत बोलायचे कसे, हे कुणी शिकवले आहे?

आणि तिसरी तक्रार, जी माझ्या जिव्हाळ्याची. मराठी घरात, मराठी माणसांवर, मराठीत केलेल्या लघुपटांची नामावली इंग्रजीत का? 'गिरणी' हा उमेश कुलकर्णी यांचा पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील पदविका लघुपट. घरात पिठाची गिरणी येते आणि तिच्या घरघरीने एका लहान मुलाचे जग ढवळून निघते, एवढीच त्याची गोष्ट. नाव 'गिरणी'च. नागराज मंजुळे यांनी अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, शिकत असताना 'पिस्तुल्या' केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेही नाव आपल्याच मातीतले. ज्यांचे काम चांगले होते त्यांना नाव उधार आणावे लागले नाही.

या तक्रारी करतानाही एक गोष्ट मला मनापासून मान्य करावी लागते. हा महोत्सव तुम्ही स्वतः चालवलात. प्राध्यापकांनी सह्या केल्या, पण निवड तुमची होती, वेळापत्रक तुमचे, खुर्च्या तुम्ही उचललात, आणि पहिल्या दिवशी प्रक्षेपक बंद पडला तेव्हा धावाधावही तुमचीच. विद्यार्थ्यांनी चालवलेले महोत्सव जगात आहेत. जर्मनीत बर्लिनजवळ पोट्सडामच्या बाबेल्सबर्ग येथे चित्रपट विद्यापीठाचे विद्यार्थी 'झेझ्यूख्टे' नावाचा आंतरराष्ट्रीय विद्यार्थी चित्रपट महोत्सव भरवतात. त्या नावात पाहण्याचे वेड आणि ओढ या दोन्ही अर्थांवर कोटी आहे. जुनी मुले शिकून बाहेर पडतात, नवी मुले सूत्रे हाती घेतात. याच बाबेल्सबर्गमध्ये १९१२ पासून चित्रपटनिर्मिती चालत आली आहे. देविकाराणींनी चित्रपटकलेचे धडे जर्मनीतल्या त्याच युफा कंपनीच्या स्टुडिओत घेतले. आणि आपल्या प्रभातचा १९३३ चा रंगीत 'सैरंध्री'? त्याच्या प्रतींवरील प्रक्रियाही जर्मनीत करवून घेतली होती. रंग मनासारखे आले नाहीत, पण प्रभातच्या मंडळींनी त्यावर छाती पिटली नाही. ती पुण्यात परतून पुढच्या कामाला लागली. ज्या जागेवर प्रभातने ते काम केले तेथेच १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट उभी आहे. येथून रिक्षाने जाता येईल इतकी जवळ. मुलांनो, तुमच्यापैकी किती जण तिथला प्रभातचा जुना स्टुडिओ पाहून आले आहेत? हात वर करा पाहू. ...असो.

आता जे सांगण्यासाठी मी मुख्यतः उभा आहे, ते सांगतो. तुमचे हे लघुपट आज कुठे आहेत?

मी ही चौकशी केली. बहुतेकांचे उत्तर, लॅपटॉपमध्ये. काहींचे, मित्राच्या हार्ड डिस्कवर. एकाने सांगितले की कच्चे चित्रण पुसून टाकले, कारण मोबाइलमध्ये जागा उरली नव्हती.

ख्यातनाम चित्रकार अकबर पदमसी यांनी १९६९ च्या सुमारास जवाहरलाल नेहरू शिष्यवृत्तीच्या पैशातून मुंबईत चित्रकार, छायाचित्रकार, चलच्चित्रकार यांची एक एकत्र कार्यशाळा चालवली. त्यात त्यांनी स्वतः दोन लघुपट केले. पैकी 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर' याची एकुलती एक प्रत हरवली. किती वर्षे हरवली? चाळीसहून अधिक. अखेर २०१६ साली आशिम अहलुवालिया या दिग्दर्शकाने वयोवृद्ध पदमसींना समोर बसवून, त्यांच्या आठवणीतून तो पुन्हा घडवण्याचा प्रयत्न केला. २०२० साली पदमसी गेले. मूळ प्रत मिळाली नाही ती नाहीच. हे झाले देशातील अग्रगण्य चित्रकाराचे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच जुन्या ज्वालाग्राही फिल्म ठेवलेल्या कोठाराला आग लागली आणि शेकडो जुन्या चित्रपटांची रिळे भस्मसात झाली. दुसरीकडे पी. के. नायर यांच्यासारखा माणूस पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आयुष्य वेचतो, फाळक्यांच्या कुटुंबीयांकडे जाऊन रिळे मिळवतो, आणि म्हणून 'कालिया मर्दन'मधला, दादासाहेबांच्या मुलीने, मंदाकिनीने साकारलेला बाळकृष्ण आपण आजही पाहू शकतो. २०२२ साली फिल्म्स डिव्हिजन आणि हे संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. नाव कोणतेही असो, नायरांसारखी माणसे त्या कपाटांपाशी असली पाहिजेत.

मोठ्यांची गोष्ट सांगितली, आता लहान माणसाची सांगतो. १९९१ साली, पदवीच्या वर्षात असताना, आम्ही चार मित्रांनी एक लघुपट केला होता. लग्नाची चित्रफीत काढणाऱ्या एका गृहस्थांकडून लग्नसराई संपल्यावर दोन दिवसांसाठी कॅमेरा भाड्याने घेतला. पहाटे मंडईत भाजीच्या गाड्या उतरतात, तेव्हाच्या केवळ पायांचे चित्रण केले. हमालांचे पाय, बायकांचे पाय, कोबीची पाने तुडवणारे पाय. अकरा मिनिटे. त्यालाही निवेदन नव्हते. महाविद्यालयात एकदा दाखवला. एका प्राध्यापकांनी, पाय कशासाठी, असे विचारले आणि आम्हाला उत्तर देता आले नाही. म्हणून काल त्या मुलीला उभी राहिलेली पाहून मला आसन सोडून बाहेर जावेसे वाटले.

ती चित्रफीत आमच्या घरी कपाटात होती. ४ मार्च १९९२ रोजी सिडनीला विश्वचषकात भारत-पाकिस्तान सामना होता. माझ्या धाकट्या भावाला तो मुद्रित करायचा होता, कोरी कॅसेट घरात नव्हती. त्याने माझी उचलली. त्यावर चिठ्ठी चिकटवलेली नव्हती, हा माझा दोष. भारताने पाकिस्तानला हरवले, त्यामुळे भावाला रागावायचीही सोय उरली नाही! आज तो सामना कुठेही पाहता येतो. मंडईतले पाय कुठेही पाहता येत नाहीत. त्या पायांपैकी एक माझ्या मावशीचे होते. ती तेथे कोथिंबीर विकत असे. तिचे छायाचित्र आमच्याकडे आहे, पण त्यात ती लग्नातली नऊवारी नेसून ताठ उभी आहे. चालताना ती डाव्या पायावर किंचित झुकत असे. ते आता माझ्या आणि भावाच्या आठवणीत आहे, आणि आम्ही दोघेही साठीकडे चाललो आहोत.

काका, त्या मुलीच्या लघुपटातील हात तिच्या आजीचे आहेत. आजी जूनमध्ये गेल्या. समई का पेटली नाही, असे मी आज तिला विचारले. ती म्हणाली, चित्रण तिसऱ्या दिवशी पुढे करायचे ठरले होते. एवढेच म्हणाली. कालच्या सभेत तिने हे सांगितले नाही, कारण आपण रडू लागू असे तिला वाटले. आणि लघुपट दयेपोटी आवडावा अशी तिची इच्छा नव्हती. तिच्या अनुमतीने मी हे सांगतो आहे.

मी समारोपकर्ता म्हणून दोन गोष्टी मागितल्या आणि संयोजकांनी त्या मान्य केल्या आहेत. पहिली अशी की, या वर्षीच्या प्रत्येक लघुपटाच्या तीन प्रती होतील. एक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, एक दिग्दर्शकाच्या घरी, एक तिसऱ्या ठिकाणी, या इमारतीबाहेर. ग्रंथपाल बाईंनी एक स्वतंत्र नोंदवही घातली आहे. त्यात लघुपटाचे नाव मराठीत, चित्रणाची तारीख, ठिकाण, आणि पडद्यावर दिसणाऱ्या माणसांची नावे लिहायची आहेत. दर तीन वर्षांनी प्रती नव्या साठवणीवर उतरवायच्या, कारण हार्ड डिस्क ही आपल्या आजीच्या फडताळाइतकी टिकाऊ नसते. यासाठी जो खर्च येईल त्याविषयी, काका, मी उद्या आपल्याकडे स्वतः येणार आहे. महोत्सवाच्या साहाय्याविषयी त्याच वेळी बोलू. चहा मात्र घेईन.

दुसरी मागणी आत्ताची. आता सात वाजून पंचवीस मिनिटे झाली आहेत. तो वातींचा लघुपट पुन्हा एकदा दाखवावा, अशी मी विनंती केली आहे. नऊ मिनिटांचा आहे. ज्यांना लोकल अथवा शेवटची बस गाठायची आहे त्यांनी आत्ताच निघावे, मधून उठू नये. मागच्या बाजूचे पंखे बंद करा, कापसाचा आवाज ऐकू आला पाहिजे. आणि दाराजवळचे कुणीतरी दिवे मालवा.